दीड लाखाच्या मशीनआधी हजाराचं भांडं: घरच्या घरी एस्प्रेसोसारखी कॉफी आणि तिचा हिशोब



मागच्या श्रावणात, सोमवारची गर्दी ओसरल्यावर एक मुलगा माझ्या दुकानात आला. हातात कोटेशनची प्रिंट. कॉफी मशीन, वाहतूक आणि फिटिंग धरून दीड लाख.

"दादा, सिंहस्थ येतोय. कुशावर्ताच्या बाजूला एक गाळा बघून ठेवलाय. चहावाले पाहिजे तेवढे आहेत. आपण एस्प्रेसोचं मशीन टाकू."

"पैसे?"

"आईच्या पाटल्या ठेवतोय. घरी बोलणं झालंय."

मी त्याला एकच प्रश्न विचारला. "तू स्वतः शेवटची एस्प्रेसो कधी प्यायलास?"

तो जरा थांबला. "मामाच्या पोरीच्या लग्नात."

हसू नका. आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर हेच आहे. आणि त्याला नाव ठेवायला मी कोण? काही वर्षांपूर्वी मी पण एक जुनं मशीन असंच उत्साहात उचललं होतं. आज त्याच्यावर रिकामे खोके ठेवलेले असतात. म्हणून त्या मुलाला मी जे सांगितलं, ते आज तुम्हाला सविस्तर लिहून देतोय. मोका पॉटच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी मापं आणि हिशोब लिहून मागितला होता, तोही यात आहे.

लग्नातली एस्प्रेसो आणि खरी एस्प्रेसो

लग्नाच्या मांडवात जे चकचकीत मशीन असतं, ज्यातून सुर्र आवाज येतो, त्यात काय होतं बघा. जगमध्ये दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी. त्यात वाफेची नळी घालतात. दूध गरम होतं, फेस येतो, वरून कोको पावडर भुरभुरतात. वाफ फक्त दुधाला लागते. कॉफीच्या भुकटीवर कसलाही दाब पडत नाही. तरी आपल्याकडे तिला सगळे एस्प्रेसोच म्हणतात.

खरी एस्प्रेसो वेगळी. बारीक दळलेली साधारण १८ ग्रॅम कॉफी दाबून बसवायची, तिच्यातून ९० ते ९६ अंशांचं पाणी ९ बार दाबाने ढकलायचं, आणि २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम काळा घट्ट अर्क काढायचा. वर सोनेरी तपकिरी साय येते, तिला क्रेमा म्हणतात. याचं पहिलं पेटंट ट्युरिनच्या अँजेलो मोरिओंडोने १८८४ मध्ये घेतलं, आणि आज आपण ओळखतो ती क्रेमावाली एस्प्रेसो आकिले गाजियाच्या मशीनमुळे १९४० च्या दशकात आली.

आता धंद्याचं बोलू. तुम्ही बोर्डवर "एस्प्रेसो" लिहिलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात दोन घोट काळी कडू कॉफी दिली, तर तो कप परत करेल. त्याच्या डोक्यात फेसाळ, गोड, दुधाची कॉफी आहे. म्हणजे मशीन कुठलं घ्यायचं हा दुसरा प्रश्न. आपल्या गिऱ्हाइकाला कुठला कप पाहिजे, हा पहिला. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला दीड लाख लागत नाहीत.

"१५ बार" वाचून भुलू नका

९ बार म्हणजे किती? घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण १ बार जादा दाब असतो. मोका पॉटमध्ये १ ते २ बार. म्हणजे गॅसवर खरी एस्प्रेसो होत नाही, हे आधीच मान्य करून टाकू. पण दुधात घातल्यावर आपला कडवटपणा टिकवेल अशी घट्ट कॉफी नक्की होते. दुधाच्या कॉफीसाठी तेवढं पुरतं.

घरगुती छोट्या मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "१५ बार" लिहिलेलं असतं. तो पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो त्याचा आकडा. कॉफी काढायला ९ च लागतात. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगली कॉफी, असं काही नाही.

एक इशारा. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून दूध फेसाळायचे व्हिडिओ फिरतात. तसलं काही करू नका. नळी तुंबली तर कुकर फुटू शकतो. फेसासाठी सोपे उपाय पुढे दिलेत.

सामान आणि खर्च

माझ्या वहीतले आकडे देतोय. तुमच्याकडे थोडे वरखाली होतील.

• ॲल्युमिनियमचा मोका पॉट, ३ कपांचा: १,००० रुपये
• स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर: ३०० रुपये
• छोटा डिजिटल काटा: ३०० रुपये
• सेलवर चालणारी फेस काढायची रवी: २०० रुपये
• कॉफी पावडर, पाव किलोची दोन पाकिटं: ५०० रुपये

एकूण २,३०० रुपये. यातला काटा वगळू नका. चमच्याने मापलेली कॉफी रोज वेगळी लागते, आणि गिऱ्हाईक कालच्या चवीसाठी परत येत असतं.

मोका पॉट घेताना दोन गोष्टी बघा. "३ कप" म्हणजे आपले चहाचे कप नव्हेत. ४० मिलीच्या छोट्या कपांचं माप आहे ते. म्हणजे एकूण १२० मिलीच्या आसपास कॉफी निघते. दुसरं, ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर चालत नाही. गॅसवर ठेवतानाही आपल्या शेगडीच्या मोठ्या जाळीवर ते डगमगतं. वर एक छोटी जाळी ठेवा आणि सगळ्यात लहान बर्नर वापरा.

पहिली पायरी: शून्य रुपयांची

घरात इन्स्टंट कॉफी असेलच. कपात दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे गरम पाणी. रवीने किंवा चमच्याने रंग फिका होऊन मलईसारखं घट्ट होईपर्यंत फेटा. वरून गरम दूध ओता. ही आपली जुनी फेटलेली कॉफी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिच्यासारखीच कॉफी डालगोना या नावाने जगभर गाजली. लग्नातल्या एस्प्रेसोच्या सगळ्यात जवळची चव हीच आहे. ही प्यायला देऊन बघितल्याशिवाय पुढचा खर्च करू नका.

दुसरी पायरी: फिल्टर

वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर. हलकं दाबा, ठासू नका. १०० मिली उकळतं पाणी हळूहळू ओता, झाकण ठेवा. १५-२० मिनिटांत खाली दाट अर्क जमतो, यालाच डिकॉक्शन म्हणतात. रात्री लावून ठेवलं तर सकाळी तयार.

पाणी झटकन खाली गेलं तर कॉफी पाणचट होते. अशा वेळी पावडर थोडी बारीक घ्या किंवा जरा जास्त दाबा. अजिबात उतरत नसेल तर दाब जास्त झालाय.

तिसरी पायरी: मोका पॉट

हे भांडं इटलीत १९३३ मध्ये अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून आलं. यात वाफ खालचं पाणी वर ढकलते, पाणी कॉफीतून जातं आणि वरच्या भांड्यात उतरतं.

१. खालच्या भांड्यात गरम पाणी भरा, सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. थंड पाणी भरलं तर ते तापेपर्यंत कॉफी भाजत बसते आणि जळकट लागते.
२. मधल्या चाळणीत १६ ग्रॅम कॉफी. बोटाने सपाट करा, दाबू नका. दाबली तर वाट अडते आणि आतला दाब वाढतो.
३. फडक्याने धरून घट्ट फिरवा. भांडं गरम असतं, हात भाजेल.
४. मंद आचेवर ठेवा, झाकण उघडं.
५. आधी गडद धार येईल, मग फिकी. मधाच्या रंगाची झाली आणि फुरफुर आवाज आला की गॅस बंद. बूड लगेच नळाखाली धरा. शेवटचं फुरफुरणारं पाणी कडू असतं, ते वर येऊ द्यायचं नाही.

चव बिघडली तर ती काय सांगते ते ओळखा. आंबट आणि पातळ लागली तर दळण जाड आहे. कडू, तुरट आणि जीभ कोरडी करणारी लागली तर दळण फार बारीक किंवा आच मोठी. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा. दोन बदलल्या तर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही.

पावडर घेताना

पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. ती स्वस्त असते, रंग आणि दाटपणा देते. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे. म्हणजे एखाद्या पाकिटात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते, आणि ते कायदेशीर असतं. फिल्टरला ८०-२० चांगली लागते. मोका पॉटला शक्यतो बिनचिकोरीची घ्या.

दळण मोका पॉटला बारीक मिठासारखं पाहिजे. मैद्यासारखं नको. घरच्या मिक्सरवर दळायचं असेल तर थांबत थांबत फिरवा, एकदम फिरवलं तर भुकटी गरम होते. सुरुवातीला तयार दळलेलीच घ्या. आपल्याकडे बहुतेक कॉफी कर्नाटकातल्या चिकमगळूर आणि कोडगू भागातून येते. महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, थोडीच, पण पिकते.

आपल्या त्र्यंबकच्या पावसाचं वेगळं सांगायला नको. पापड सादळतात तशी कॉफीही सादळते. जून ते सप्टेंबर किलोचं पाकीट फोडू नका. पाव किलोचं घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला चमचा घालू नका.

दूध

फुल क्रीम पिशवीत ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३ टक्के. फेस दुधातल्या प्रथिनांमुळे उभा राहतो आणि फॅटमुळे तोंडात मऊपणा येतो. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर पातेल्याला बाहेरून हात लावा. दोन-तीन सेकंदांत हात काढावासा वाटला की बस. मग उतरवून रवी अर्धा मिनिट फिरवा आणि भांडं ओट्यावर दोनदा आपटा, मोठे बुडबुडे फुटतात. सुटं दूध असेल तर आधी उकळून, गार करून, साय काढून मग वापरा.

आता एका कपाचा हिशोब

इथपर्यंत बरेच जण येतात. याच्या पुढे वही काढणारे कमी. माझी बीबीएची डिग्री मला ज्या एका कारणासाठी कामाला आली, ते हे.

मोका पॉटमधून निघालेल्या कॉफीचे दोन कप करायचे. एका कपात ६० मिली कॉफी आणि १०० मिली दूध.

• कॉफी ८ ग्रॅम, ग्रॅमला १ रुपया धरून: ८.००
• दूध १०० मिली, लिटरला ६५ धरून: ६.५०
• साखर: ०.४०
• कागदी कप: १.२०
• गॅस: १.००

बेरीज १७ रुपये १० पैसे. सांडलं, बिघडलं, ओळखीच्याला फुकट दिलं, याचे १० टक्के धरा. झाले जवळपास १९ रुपये. ४० रुपयांना विकला तर हातात २१ राहतात. यात तुमची मजुरी नाही.

आता त्या मुलाचं कोटेशन घ्या. दीड लाख, वर्षाला १२ टक्के व्याज, २४ महिने. हप्ता येतो साधारण ७,०६०. गाळ्याचं भाडं ८,००० आणि वीज १,५०० धरली तर महिन्याला १६,५६० रुपये. भागिले २१. म्हणजे ७८९ कप. महिन्यात २६ दिवस दुकान उघडलं तर रोज ३१ कप.

रोज ३१ कप विकले की काय मिळतं? शून्य. पाटल्यांचा हप्ता गेला, भाडं गेलं, घरी काहीच नाही. कमाई बत्तिसाव्या कपापासून सुरू.

"३१ काय, सोमवारी शंभर जातील," तो म्हणाला. बरोबर आहे. श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करून उतरणारी माणसं गरम काहीही पितील. पण पावसाळ्यातल्या भर पावसाच्या बुधवारी? परीक्षांच्या दिवसांत? सिंहस्थ २०२७ चा आहे आणि पुढचा बारा वर्षांनी. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

कोटेशनमध्ये न लिहिलेले खर्चही विचारा. असं मशीन दोन-तीन किलोवॅट ओढतं, गाळ्याच्या मीटरला तेवढा लोड मंजूर आहे का? पाण्यातला क्षार बॉयलरमध्ये बसतो, फिल्टर कोण बसवणार? ग्राइंडर किमतीत धरलाय की वेगळा? बिघडलं तर मेकॅनिक कुठून येणार, नाशिकहून की मुंबईहून, आणि तोपर्यंत तुम्ही काय विकणार?

तीस दिवसांचा अभ्यास

मी त्याला मशीन घेऊ नको म्हटलं नाही. म्हटलं, तीस दिवस थांब.

पहिला आठवडा फेटलेली कॉफी, दुसरा फिल्टर, तिसरा मोका पॉट. रोज दोन कप, मापं वहीत. चौथ्या आठवड्यात तिन्ही प्रकार बाहेरच्या माणसांना पाजायचे. घरचे चांगलंच म्हणणार, शेजारी तोंडावर वाईट बोलणार नाहीत. म्हणून कशी झाली ते विचारायचंच नाही. कप गोळा करताना किती पूर्ण रिकामे झालेत ते मोजायचं. रिकामा कप खोटं बोलत नाही.

आणि एक दिवस लागोपाठ दहा कप करायचे, घड्याळ लावून. मोका पॉटला एका खेपेला सात-आठ मिनिटं लागतात आणि दोन कप निघतात. रांग लागली की याचा अर्थ कळतो.

त्याच्या वहीत काय निघालं

महिन्याभराने तो वही घेऊन आला. चौथ्या आठवड्यात त्याने ओळखीच्या एका गुरुजींकडे उतरलेल्या लोकांना कॉफी दिली होती. नारायण नागबलीचा विधी तीन दिवसांचा, त्यामुळे माणसं मुक्कामाला असतात, आणि त्यात दक्षिणेकडची कुटुंबं बरीच. मोका पॉटचे कप अर्धे परत आले. फेटलेली मुलांनी संपवली. फिल्टरचा एकही कप भरलेला परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एका आजोबांनी स्वतःहून विचारलं, कॉफीवाला आला का?

ज्या कपाला गिऱ्हाईक होतं, त्याला दीड लाखाचं मशीन लागतच नव्हतं. दोन मोठे फिल्टर, डिकॉक्शनचा एक थर्मास आणि दुधाचा एक थर्मास, एवढं पुरलं. फिल्टरच्या कपाचा खर्च ८०-२० पावडरने १५ रुपयांच्या आसपास येतो. ३० ला विकला तर १५ सुटतात, आणि हप्ता नाही.

तुम्हीही असं काही सुरू करणार असाल तर तीन गोष्टी पाळा. दूध आणि डिकॉक्शन एकत्र करून ठेवू नका, कपातच मिसळा, आणि थर्मासमधलं दूध दोन तासांत संपवा. घरचा लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही, कमर्शियल घ्या. आणि एफएसएसएआयची नोंदणी पहिल्या दिवसापासून करा. मी केली तेव्हा छोट्या व्यवसायाला वर्षाला १०० रुपये होते. आजचं शुल्क त्यांच्या पोर्टलवर बघा.

तो अजून सकाळी दोन-तीन ठिकाणी थर्मास घेऊन जातो. कधी चाळीस कप जातात, कधी बारा. बारा गेले त्या दिवशी तोंड पाडून दुकानात येतो, पण हप्ता चुकल्याची भीती नसते. मशीनचं त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि जाऊही नये. रोजचे कप वहीत लिहितोय. सलग तीन महिने रोजचे चाळीसच्या वर गेले तर कोटेशन पुन्हा काढू, असं आमचं ठरलंय.

पाटल्या सध्या आईच्या हातात आहेत.

तुमच्याकडेही असं एखादं कोटेशन पडलं असेल तर त्याच्या पाठीमागे आज दोन आकडे लिहा. एका कपामागे हातात किती राहतात, आणि रोज कितवा कप विकल्यावर कमाई सुरू होते. ते दोन आकडे मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यातलेच काही हिशोब एकत्र बसून सोडवू.